पान्ह्याचं इंजेक्शन

आमच्या गल्लीत कुणाच्या घरी बाळंतपण झालं की मुलगा झाला का मुलगी, हे बायका नंतर विचारायच्या. पहिला प्रश्न ठरलेला, "दूध आलं का?" कोल्हापुरातली गवळ्यांची गल्ली ती, बोलणं दुधावरनं सुरू व्हायचं आणि दुधापाशीच संपायचं. पुढं गोठा, मागं घर, मधली भिंत नावालाच. म्हशीनं शेपटी झटकली तरी स्वयंपाकघरात कळायचं. पहाटे डोळा उघडायच्या आत कानावर साखळ्यांचा आवाज यायचा, मग भिजवलेल्या सरकीची बादली फरशीवर सरकल्याचा, आणि मग आईच्या चरवीत पडणाऱ्या धारेचा. रिकाम्या चरवीत धार आधी टणटण वाजते, चरवी भरत आली की आवाज मऊ होतो. कुठल्या म्हशीनं किती दिलं ते मला पांघरुणातच समजायचं. आवाज मऊ व्हायला उशीर लागला की मी उठून बसायचे. मी जन्मजात काळजीखोर. आबा म्हणायचे, "हिला सुखात ठिवलं तर हिला त्या सुखाचीच काळजी लागंल."

धार काढणं आईचं काम आणि म्हशी कट्ट्यावर नेणं आबांचं. कट्ट्यावर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर पेल्यात धार काढून द्यायची, त्यानं उभ्याउभ्या फेसासकट पिऊन मिशी पुसायची, असा आमचा धंदा. त्यात एक घोडं पेंड खायचं. म्हशीच्या कासेत दूध असतं, पण तिनं पान्हा सोडल्याशिवाय ते खाली येत नाही. रेडकू दगावलं, जागा बदलली, शेजारी परकी म्हैस येऊन उभी राहिली, एवढ्यातेवढ्यानं ती दूध चढवून बसते. पूर्वी तासभर तिला चुचकारत बसायचे. मग पेंडवाल्याकडे कागद न चिकटवलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या मिळायला लागल्या. पान्ह्याचं इंजेक्शन. टोचलं की दोन मिनिटांत सड ताठ आणि धार सुरू. त्यात काय आहे हे पेंडवाल्याला ठाऊक नव्हतं आणि आम्हालाही. आता ते असं विकायला बंदी आहे. तेव्हा गल्लीतल्या प्रत्येक गोठ्याच्या कोनाड्यात खोबरेल तेलाशेजारी ती बाटली असायची, आणि सुई टोचण्यात माझ्या आईचा हात इतका हलका होता की शेजारपाजारचे आपल्या म्हशींसाठी तिलाच हाक मारायचे.

त्या बाटलीत काय आहे हे मला विद्यापीठात कळलं. मी बायोकेमिस्ट्रीच्या एम. एस्सी.ला होते, गल्लीतून तिथवर गेलेली पहिलीच, आणि वर्गात माझ्या कपड्यांना शेणाचा वास तर येत नाही ना या काळजीत पहिलं वर्ष गेलं. सरांनी एके दिवशी फळ्यावर दोन माळा काढल्या. दोन्हीत अमिनो आम्लांचे नऊ नऊ मणी, त्यातले सात अगदी तेच, दोनच वेगळे. एक ऑक्सिटोसिन, ते बाळंतपणाच्या कळा आणतं आणि पान्हा सोडायला लावतं. दुसरं व्हॅसोप्रेसिन, ते मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवायला सांगतं. "यातलं कुणीही पेशीच्या आत पाय टाकत नाही," सर म्हणाले. पेशीच्या पडद्यात रिसेप्टर बसलेला असतो, कापडातनं सात वेळा आतबाहेर गेलेल्या टाक्यासारखा. हार्मोन बाहेरून त्याला येऊन धरतं, त्याची आतली बाजू हलते, आणि तिथून पुढं निरोप एकाकडून दुसऱ्याकडे जातो. कासेतल्या पेशीत शेवटी कॅल्शियम मोकळं होतं, पेशी आवळते आणि दूध पिळलं जातं. मूत्रपिंडातल्या पेशीत निरोप्या वेगळा. तिथं पाण्याच्या वाटा उघडतात आणि लघवीवाटे चाललेलं पाणी परत रक्तात ओढलं जातं. "हार्मोन भावंडं, तसे त्यांचे रिसेप्टरही एका घराण्यातले. थोडं असेल तोवर जो तो आपल्याच दाराशी जातो. गर्दी झाली की शेजारच्या भावकीचं दारही वाजतं, आणि आतल्या माणसाला कोण आलंय ते कळत नाही. तो दार उघडतो आणि आपलं नेहमीचं काम करतो."

मी हात वर केला. "सर, म्हणजे म्हशीला हे इंजेक्शन जास्त झालं तर तिला लघवी कमी होईल?" वर्ग फिदीफिदी हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "तुमच्याकडे म्हशी आहेत ना? बघून सांग." मी खरंच दोन दिवस गोठ्यात बसले. आई म्हणाली, "एवढी शिकून म्हशीच्या बुडाकडं बघत बसलीयास व्हय?" म्हशी नेहमीसारख्याच मुतत होत्या. एवढं मोठं जनावर आणि एक टोचणी, कळणार काय? सरांना मी काहीच सांगितलं नाही. हे सगळं इतक्या तपशिलात आठवतं, कारण त्याच सुमाराला आमच्या घरात बाळ आलं.

वहिनी, माझ्या दादाची बायको, गडहिंग्लजची. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण तिला आई नव्हती. घरात बाईमाणूसच नाही म्हटल्यावर तिचे वडील सातव्या महिन्यात स्वतः येऊन आईला म्हणाले होते, "विहीणबाय, हिला तुमच्या वटीत घालतो." आईनं ते बोलणं फार मनावर घेतलं. एरवी तोंडाची फटकळ बाई, पण वहिनीसाठी डिंक निवडताना गाणं गुणगुणायची. बाळंतपण दवाखान्यात नीट झालं, मुलगा झाला, तिसऱ्या दिवशी माणसं घरी आली. मधल्या खोलीत बाज, बाजेखाली शेगडी, ओव्याची आणि बाळंतशेपाची धुरी, कोंडलेला ऊबदार वास. शेगडीच्या धुरानं डोळे चुरचुरायचे, पण त्या खोलीतनं बाहेर पडावंसं वाटायचं नाही. बाळ म्हणजे मूठभर जीव. फक्त वहिनीला दूध येईना.

पहिलटकरणीला चार दिवस लागतात, हे आज मी कुणालाही शांतपणे सांगेन. तेव्हा आमच्या घरात शांतपणा कुठला? दारात येणारी प्रत्येक बाई तोच प्रश्न विचारायची. पलीकडची मावशी तर जाताना म्हणाली, "गवळ्याच्या घरात दुधाचा दुष्काळ, आक्रीतच की!" ती हसली आणि वहिनी भिंतीकडे तोंड करून रडली. बाळ कापसाच्या बोळ्यानं पातळ केलेलं दूध चोखायचं आणि पुन्हा किंचाळायचं. पाचवीच्या पूजेच्या आत दूध आलंच पाहिजे, असं आईनं मनात घेतलं होतं. जेवताना तिचं लक्ष ताटात नव्हतं. मला ते दिसत होतं, पण काळजी कशाची करायची ते नेमकं उमजत नव्हतं. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल होतं म्हणून मी सकाळीच विद्यापीठात गेले.

संध्याकाळी परत आले तेव्हा गोठ्यात म्हशी धारेसाठी ओरडत होत्या आणि आई तिथं नव्हती. हे कधीच घडायचं नाही. मी चपला न काढता मधल्या खोलीत गेले. वहिनी बाजेवर बसली होती, एक हात कपाळावर दाबून. चेहरा सुजल्यासारखा, डोळे कुठंतरी लांब. बाजेखाली तिनं ओकलं होतं, त्यावर राख टाकलेली. आई तिच्या तोंडाशी तांब्या धरून बसली होती.

"पी माझी बाय. पाण्याचंच दूध हुतंय. म्हशीला बी धारेआदी पाणी दावतोयच की आपण."

"आई, काय झालंय हिला?"

"डोस्कं दुखतंय म्हणं दुपारधरनं. धुरीनं झालं असंल."

वहिनीनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, तू कवा आलीस?" तिची आई जाऊन सहा वर्षं झाली होती. मी तिला धरायला पुढं झाले. आणि तेवढ्यात खिडकीत मला स्टीलची वाटी दिसली. वाटीत उकळलेल्या पाण्यात नवीकोरी सुई आणि शेजारी कोनाड्यातली ती बाटली, जवळजवळ रिकामी.

"आई, हिला हे दिलंस?"

"दिलं की," आई सरळ म्हणाली. तिच्या आवाजात लपवाछपवी मुळीच नव्हती. "म्हशीची सुई न्हाय वापरली, मेडिकलातनं नवी आणली. म्हैस दोन येळा पिळायची तर दोनदा देतो. पोरगं तर घडीघडीला तोंड लावतंय, म्हणून दर बारीला थोडं थोडं दिलं. जरा पाझर फुटलाय बग, थेंब आल्यात."

"हिला लघवी कधी झाली?"

"आता ते कोण बगत बसतंय?" आई म्हणाली, मग थांबली. तिनं वहिनीकडे बघितलं. "सकाळी गेलती. मग न्हाय वाटतं."

फळ्यावरच्या त्या दोन माळा माझ्या डोळ्यांसमोर आल्या. मी आईच्या हातातला तांब्या ओढून घेतला. आई भडकली. बाळंतिणीच्या तोंडचं पाणी काढतेस, पाप लागेल, असं काहीबाही बोलायला लागली. मी म्हणत होते, पाणी आत साठतंय, बाहेर जायची वाट बंद झालीय. आणि बोलता बोलताच मला शंका यायला लागली. वर्गात एका तासाला ऐकलेली गोष्ट, तीही परीक्षेला न आलेली. आई म्हणाली, "तुज्या जन्माच्या आदीपासनं म्हशींला टोचतोय. एक तरी मेली का?" आणि मी स्वतः गोठ्यात बसून बघितलंच होतं की, म्हशींना काही होत नाही. मी तांब्या तसाच छातीशी धरून उभी राहिले. तेवढ्यात वहिनीची मान मागं गेली, दात आवळले आणि तिचं सगळं अंग झटके द्यायला लागलं.

माझी ओरड ऐकून दादा धावत आला आणि त्यानं तिला उचलून रिक्षात घातलं. मी तिचे पाय मांडीवर घेऊन बसले. मागच्या रिक्षात बाळाला घेऊन आई. आबा म्हशींपाशी राहिले, कारण धार थांबत नाही, घरात काहीही झालं तरी. रिक्षाच्या प्रत्येक धक्क्याला वाटायचं, आता हिचा श्वास थांबणार. दादा मला सारखा विचारत होता, "काय झालं गं? तू शिकलीयास न्हवं?" तो सकाळपासनं दूध घालायला बाहेर होता, नुकताच परतला होता, त्याला काहीच माहीत नव्हतं. मी त्याला सांगू शकत होते. मी वहिनीचे पाय घट्ट धरून बाहेर बघत राहिले.

बाळंतपण झालेल्याच दवाखान्यात आम्ही गेलो. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब बघितला, परत बघितला, कपाळाला आठ्या घातल्या. बाळंतिणीला झटके आले की आधी रक्तदाबावर संशय जातो, आणि तो तर फारसा वाढलेला नव्हता. सिस्टर सलाईनची बाटली टांगत होती. बाईंनी वळून विचारलं, "घरी काही औषध दिलं का? गोळी, इंजेक्शन, काढा, काहीही?"

"काय न्हाय," आई म्हणाली. "पेज आन् अळिवाची खीर."

ती एवढ्या चटकन बोलली की मी चमकून तिच्याकडे बघितलं. घरी ज्या बाईनं छाती पुढं काढून सांगितलं होतं, ती इथं भिंतीला टेकून उभी होती आणि बाळाचं दुपटं घट्ट आवळत होती. झटके बघितल्यावर तिला कळून चुकलं होतं. आणि मला तिची दया आली, हे मी लिहायलाच हवं. मनात एकाच वेळी सगळं येऊन गेलं. पोलीस येतील. दादा आईचं तोंड बघणार नाही. गल्लीत आमच्या गोठ्याकडे बोट दाखवतील. आणि मी चुकत असले तर? दुसरंच काही झालं असलं आणि मी आपल्या आईवर आळ घेऊन बसले तर? सिस्टरनं सुई हातात घेतली होती.

"आईनं पान्ह्याचं इंजेक्शन दिलंय," मी म्हणाले. आवाज माझा वाटत नव्हता. "म्हशीचं. सकाळपासनं बऱ्याच वेळा. आणि दिवसभर पाणी पाजलंय. लघवी झालेली नाही."

 मग बाई सिस्टरला म्हणाल्या, "थांब. ते ग्लुकोज लावू नकोस, पाणी आणखी वाढेल." त्यांनी आईला दोनच प्रश्न विचारले, किती आणि कितीदा. आईनं खाली बघत उत्तरं दिली. रक्त तपासायला गेलं, झटक्यांवर इंजेक्शन दिलं गेलं. दादा बाहेर जाऊन पाठमोरा उभा राहिला. आईनं बाळ माझ्या हातात दिलं. त्यानंतर तिनं त्याला हात लावला नाही.

रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा बाई म्हणाल्या, "सोडियम फार उतरलंय. रक्तात पाणी झालंय नुसतं. मेंदूला सूज आहे." मग खारट सलाईन, अगदी हळू, थेंब मोजून. घाई केली तरी धोका आणि उशीर केला तरी. ती रात्र मी इथं लिहीत नाही. माझ्यानं ते आजही होत नाही.

गेली तीस वर्षं मी हाच विषय कॉलेजात शिकवतेय. त्या दोन माळा फळ्यावर काढताना दर वर्षी माझा खडू एकदा तरी मोडतो. मुलं विचारतात, मॅडम, दोनच मणी वेगळे तर एवढा फरक कसा? मी त्यांना रिसेप्टर समजावून सांगते, आतले निरोपे समजावते, कोणत्या पेशीत कोणता निरोप्या पळतो ते सांगते. प्रामाणिकपणे हेही सांगते की त्या बाटलीत ऑक्सिटोसिन किती आणि आणखी काय काय होतं, हे कुणालाच कधी कळलं नाही. नुसत्या इंजेक्शननं झालं, का पाण्यानं, का दोन्हींनी मिळून, हे शपथेवर कुणी सांगू शकणार नाही. पण दवाखान्यातल्या त्या खोलीत मला एवढं पुरेसं ज्ञान असूनही ते बोलून दाखवायला माझी जीभ उचलत नव्हती, हे मात्र मुलांना सांगत नाही.

त्या रात्रीनंतर सकाळी सिस्टर बाहेर आली आणि म्हणाली, "झाली हो लघवी, भरपूर झाली." माझ्या आयुष्यात याहून गोड बातमी कुणी दिलेली नाही. मी बाकावर बसल्याबसल्या रडले. थोड्या वेळानं वहिनीनं डोळे उघडले, मला माझ्या नावानं हाक मारली आणि विचारलं, "बाळ कुठाय?"

पण काळजी काही संपली नव्हती. दादानं गडहिंग्लजला शेजारच्या दुकानात फोन करून ठेवला होता आणि वहिनीचे वडील पहिल्या एस. टी.नं निघाले होते. दादा आईपाशी आला. कालपासनं पहिल्यांदाच तिच्याशी बोलला. "पावणं आल्यावर मी सांगतो. बाळंतवाताचा झटका आलता म्हणून. तू गप ऱ्हा. न्हायतर ते तिला आन् पोराला घिऊन जातील, परत पाठवायचे न्हाईत." आई व्हरांड्यातल्या बाकाच्या अगदी टोकाला बसून होती. रात्रभर ती वहिनीच्या खोलीत पाऊल टाकायला धजली नव्हती.

पावणे आले. धोतर, टोपी, हातात पिशवी, पिशवीत तुपाचा डबा. उन्हात चालत आल्यानं धापा टाकत होते. ते थेट खोलीत गेले, लेकीच्या डोक्यावरनं हात फिरवला, आणि मग दाराशी येऊन विचारलं, "काय झालतं माझ्या पोरीला?"

"मामा, त्याचं काय झालं," दादा म्हणाला, "बाळंतवात..."

"बाळंतवात न्हवं," आई उठून उभी राहिली. "पावणं, मी म्हशीचं विंजेक्शन टोचलं तिला. दूध यीना म्हणून. तुमी वटीत घाटलेली पोरगी माझ्या हातनं मरत हुती. हिनं डाक्टरीणबायला सांगितलं म्हणून वाचली. मी तितं बी खोटंच बोलली." तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हात जोडून तशीच उभी राहिली. "आता तुमी न्या म्हणशीला तर घिऊन जावा. मी आडवी येत न्हाय."

दादानं डोळे मिटून घेतले. पावण्यांनी टोपी काढली, ती हातात फिरवली. मी बाळाला कुशीत घट्ट धरलं.

"पेंडवाल्याकडची बाटली?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"आमच्या बी गोठ्यात हाय ती." ते बाकावर बसले. "हिची आई असती तर तिनं बी तीच आणली असती, विहीणबाय. पर मला तोंडावर सांगितलं असतं का न्हाय, कुणाला ठावं." ते बाकावर बाजूला सरकले. "बसा. हुबं ऱ्हाऊ नगा."

आई बसली नाही. माझी आई, म्हैस मेली तरी जिच्या डोळ्यांत टिपूस येत नसे, ती त्या व्हरांड्यात सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडायला लागली. तिच्या आवाजानं बाळ जागं झालं आणि तेही रडायला लागलं. मी त्याला हलवत होते, थोपटत होते, ते ऐकेना.

"आत्या," खोलीतनं वहिनीचा बारीक आवाज आला. ती आईला आत्याच म्हणायची. आई जागची हलली नाही. "आत्या, त्याला हिकडं आणा की. भुकेला असंल. आन् माझी चोळी वली झालीया."

आईनं माझ्याकडे बघितलं. मग नळावर जाऊन दोन्ही हात कोपरापर्यंत धुतले, पदराला पुसले, आणि माझ्या हातातनं बाळ घेतलं.